न्यूट्रल म्हणजे कुठला न्यूट्रल? मोटरहोममागे पिकअप ओढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

टेक्ससमधल्या डॅलस परिसरात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याची ही हकीगत. त्यांना मी काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे. या प्रकरणात मी आधी चुकीचा सल्ला दिला आणि नंतर दुरुस्तीला मदत केली.

काका निवृत्त झाल्यावर दोघांनी वापरलेलं ३४ फुटी क्लास ए मोटरहोम, म्हणजे बससारखं चालतं-फिरतं घर, घेतलं. फोर्डच्या एफ-५३ चासीवरचं, पेट्रोल इंजिनाचं. दारात काकांचा लाडका पिकअप आधीपासून होताच: पूर्ण आकाराचा, चार दारांचा, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कला जायचं आणि पिकअप मागे जोडून न्यायचा, असा बेत ठरला.

मागे गाडी कशाला, असं कुणीही विचारेल. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर एकदा लावलं, वीज-पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडली, की दूध आणायला ते हलवणं म्हणजे अख्खं बिऱ्हाड हलवणं. शिवाय जे बघायला जायचं तिथे ते शिरतच नाही. कस्टरमधल्या नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा ८ फूट रुंद आणि ९ फूट ९ इंच उंच आहे, तर मोटरहोमच साडेआठ फूट रुंद. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे. म्हणून मोटरहोमवाले मागे छोटी गाडी ओढत नेतात. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढलं तर त्याला फ्लॅट टोइंग म्हणतात. पिकअपच्या पुढच्या बाजूला चासीला बेस प्लेट बसवतात, तिला टो बार, म्हणजे ओढायचा दांडा, जोडतात, त्याचं दुसरं टोक मोटरहोमच्या मागच्या हिचला, म्हणजे ओढायच्या जोडाला, अडकवतात, सोबत सुरक्षेच्या दोन केबल, दिव्यांची वायर आणि ब्रेकची सोय. मागच्या गाडीत कुणी बसत नाही. तिची पुढची चाकं टो बारच्या ओढीनेच वळत राहतात.

हिवाळ्यात काकांनी मला फोनवर विचारलं होतं, "आपला पिकअप असा ओढता येईल ना रे?" मी ऑफिसातून बाहेर पडत होतो. म्हटलं, "फोर बाय फोर आहे ना, मग बहुतेक येतो." जिथून पिकअप घेतला तिथल्या विक्रेत्याने तेच सांगितलं. बेस प्लेट बसवणाऱ्या वर्कशॉपनेही तेच. तिघांचं एकमत झालं, आणि तिघांपैकी एकानेही गाडीचं मॅन्युअल उघडलं नव्हतं.

अडचण कशी उघडकीला आली

मार्चमध्ये काकांनी चाचणी म्हणून लेक टेक्सोमापर्यंत, साधारण ७५ मैल, पिकअप ओढून नेला. गिअरचा लिव्हर न्यूट्रलला, इंजिन बंद. तळ्यावर पोचून खाली उतरल्या उतरल्या काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरी जळतंय." काकांना वाटलं ब्रेक गरम झाले असतील. परतीला मात्र काकूंनी हट्टाने पिकअप वेगळा चालवत आणला आणि निम्म्या वाटेत ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, तापल्याचा इशारा लागला.

गॅरेजमध्ये ऑइल काढलं. लालसर असायला हवं ते काळपट तपकिरी निघालं. ट्रान्समिशनच्या पॅनमधल्या चुंबकाला थोडी बारीक पूड लागलेली असतेच, इथे चक्क धातूचा कीस होता. मेकॅनिक म्हणाला, ऑइल बदलून चालवून बघा, हमी देत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ड्राइव्हवेत जाऊन पिकअपमध्ये बसलो आणि पहिल्यांदा डॅशबोर्डवरची ती गोल कळ नीट पाहिली. टू-एच (दोन चाकांना ताकद), ऑटो, फोर-एच (चारही चाकांना). बस्स, तीनच खुणा. फोर-एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरकस गिअर, नाही आणि एन, म्हणजे न्यूट्रल, नाही. मग मॅन्युअल काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की एकाच स्पीडच्या ट्रान्सफर केसची (ही काय भानगड, ते पुढे सांगतो) गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही.

दोन न्यूट्रल

या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

काका नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. बंद पडलेली जीप ट्रॅक्टरला दोर लावून आणताना त्यांनी लहानपणी कितीदा पाहिलेली. लिव्हर न्यूट्रलला, एक जण स्टिअरिंगवर, आणि गाडी निघाली. ती जीप मॅन्युअल गिअरची. गिअरबॉक्सच्या आतली दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात आणि फिरता फिरता तेल उडवून एकमेकांना लावतात. गावच्या शिवारापासून घरापर्यंत ओढली तर काही बिघडत नाही. काकांच्या डोक्यातलं ‘न्यूट्रल’ हे त्या जीपचं होतं.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमध्ये तेल फिरवायला पंप असतो आणि तो इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पण गाडी ओढली जात असते तेव्हा मागची चाकं प्रोपेलर शाफ्टला फिरवतात आणि शाफ्ट ट्रान्समिशनच्या मागच्या भागाला. लिव्हर न्यूट्रलला असला तरी तो भाग फिरतोच, आणि त्याला तेल मिळत नाही. ७५ मैल तो तसा कोरडा फिरला.

फोर बाय फोर गाडीत ट्रान्समिशनच्या मागे ट्रान्सफर केस असते. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ती पेटी. दोन स्पीडच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये फोर-एलबरोबर स्वतःचा एक न्यूट्रल असतो. त्यात टाकलं की चाकं आणि ट्रान्समिशन यांचा संबंधच तुटतो. चाकं हजार मैल फिरली तरी ट्रान्समिशन जागच्या जागी स्वस्थ. फ्लॅट टोइंगला हवा तो हा दुसरा न्यूट्रल. काकांच्या गाडीत तो नव्हताच. एकाच मॉडेलच्या एका ट्रिममध्ये, म्हणजे आवृत्तीत, दोन स्पीडची पेटी आणि दुसरीत एका स्पीडची, असं होऊ शकतं, आणि दोन्हींच्या मागे फोर बाय फोरचा तोच स्टिकर असतो. म्हणून ‘फोर बाय फोर आहे ना?’ हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते हे: ट्रान्सफर केसला एन आहे का, आणि त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये कंपनीने ओढायची परवानगी दिली आहे का?

पर्याय

पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. पण पर्यायांवर बोलण्याआधी मी काकांना एक काम सांगितलं होतं. मोटरहोम प्रवासाला निघताना भरतात तसं भरा: पेट्रोल, पाणी, कपडे, भांडी, दोघं माणसं. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, न्या, आणि पिकअपही वेगळा चालवत न्या. तिथे प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं.

पावतीने दुसरं भगदाड दाखवलं. मोटरहोम २०,९४० पौंड. त्याच्या स्वतःच्या २२,००० पौंडांच्या मर्यादेत, ठीक. पण मोटरहोम आणि मागची गाडी मिळून चासीची मर्यादा २६,००० पौंड, आणि हिचवर शिक्का ५,००० पौंडांचा. वरचं झाकण आणि हत्यारांची पेटी धरून पिकअप भरला ५,३८० पौंड. म्हणजे हिचवर ३८० जास्त, एकूणात ३२० जास्त. ट्रान्सफर केस योग्य असती तरी हा पिकअप या मोटरहोममागे चालणारा नव्हता. टो बार घेतला तो मात्र १०,००० पौंडांचा होता, आणि तो आकडा बघून काका निर्धास्त झाले होते. साखळीची ताकद सगळ्यात अशक्त कडीएवढी. इथे ती कडी होती हिच.

त्या पावतीमुळे निम्मे पर्याय आपोआप गळाले. मागच्या शाफ्टला केबलने सुटणारा जोड बसवता येतो, तसे किट मिळतात. त्याने ट्रान्समिशन वाचलं असतं, पण वजन तेवढंच. चारही चाकं वर घेणारा उघडा ट्रेलर म्हणजे आणखी साधारण २,००० पौंड. फक्त पुढची चाकं उचलणारी डॉली या पिकअपला निरुपयोगी, कारण मागची चाकं फिरतच राहणार.

उरले तीन. पहिला, काकूंनी पिकअप वेगळा चालवत मागून यायचं. काकू उत्तम गाडी चालवतात, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग एकत्र प्रवास कसला?" तो विषय तिथे संपला आणि मला वाटतं तसाच संपायला हवा होता. दुसरा, मागे काहीच न्यायचं नाही, जिथे उतरू तिथे गाडी भाड्याने घ्यायची. माझं मत याला होतं. वर्षातून दोन प्रवास करणाऱ्याला हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी धोक्याचं. काकांचं म्हणणं, कॅम्पग्राउंड शहरापासून दूर असतात, गाडी घ्यायला आणि परत द्यायला दोन-दोन तास जातात, आणि त्यांना वर्षातले चार महिने बाहेर राहायचं आहे. चार महिने म्हटल्यावर माझा मुद्दा कच्चा पडला, हे मी तिथेच मान्य केलं. तिसरा पर्याय, पिकअप बदलायचा.

काय केलं

जीप ग्लॅडिएटर ठरला, ऑटोमॅटिकच. त्याच्या ट्रान्सफर केसला हाताने टाकायचा लिव्हर आहे, त्यावर एन आहे, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चारही चाकांवर ओढायची पायरीवार कृती दिलेली आहे. या वेळी काकांनी पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या टेबलावर ते पान उघडून वाचलं. बेस प्लेट आणि सामानासकट वजन भरलं ४,७९० पौंड. हिचच्या आत २१० पौंड, एकूण २५,७३०, म्हणजे मर्यादेच्या आत २७० पौंड. हे फार काठावरचं होतं. म्हणून ठरवलं की पाण्याची ७५ गॅलनची टाकी एक तृतीयांशच भरून निघायचं. गॅलनला ८.३४ पौंड धरले तर त्यातच चारशेच्या वर पौंड सुटतात, आणि पाणी तर कॅम्पग्राउंडवर मिळतंच.

जुना पिकअप देऊन टाकताना एक अवघड क्षण आला. ऑइल बदलल्यावर तो वरकरणी छान चालत होता. काकूंनी गॅरेजचा कागद पुढे ठेवला आणि काकांनी तो विकत घेणाऱ्याला दाखवला. किंमत बरीच पडली. त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

ब्रेकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ओढलेल्या गाडीला स्वतःचे ब्रेक लागतात. कायदा बाजूला ठेवला तरी पावणेपाच हजार पौंडांचं धूड उतारावर मागून ढकलत असताना मोटरहोमच्या एकट्या ब्रेकवर विसंबणं हा वेडेपणा. काकांनी आधी पेडलसमोर ठेवायची सुटी पेटी घेतली होती. ती दर वेळी उचलून ठेवायची, सीट सरकवायची, पेडलला बरोबर लावायची. काकूंच्या पाठीला ते झेपणारं नव्हतं आणि घाईत चुकणं सोपं होतं. म्हणून कायमची बसवलेली यंत्रणा घेतली. मोटरहोमचा ब्रेक दाबला की मागचाही दाबला जातो आणि पुढे डॅशबोर्डवर दिवा लागतो. टो बार चुकून तुटला तर ब्रेकअवे केबल खेचली जाऊन मागची गाडी आपोआप थांबते. शिवाय तिच्या चारही टायरना हवेचे सेन्सर, कारण मागचा टायर फुटला तरी पुढे बसलेल्याला अजिबात जाणवत नाही. टो बारही जवळजवळ सपाट आला पाहिजे, दोन टोकांत तीन-चार इंचांहून जास्त फरक नको. त्यासाठी हिचमध्ये एक उतरता जोड घालावा लागला, आणि त्यावरचा वजनाचा आकडा काकांनी स्वतःहून वाचून दाखवला.

जोडायची कृती त्यांनी मराठीत लिहून काढली. सपाट जागा. पार्किंग ब्रेक. गिअर न्यूट्रल, मग ट्रान्सफर केस एन. मग परीक्षा: इंजिन चालू ठेवून पार्किंग ब्रेक सोडायचा, रिव्हर्स टाकायचा, पायब्रेक सोडून पाच सेकंद थांबायचं. गाडी हलता कामा नये. मग ड्राइव्हमध्ये तेच. हलली तर ट्रान्सफर केस नीट सुटलेली नाही. मग पार्किंग ब्रेक पुन्हा लावायचा, इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये, टो बार, केबल, वायर, आणि सर्वांत शेवटी पार्किंग ब्रेक सोडायचा. जोडणार काका, तपासणार काकू. मध्ये कुणी गप्पा मारायला आलं तर नम्रपणे थांबवायचं आणि खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करायची. कॅम्पग्राउंडवर माणसं खरंच गप्पांना येतात, आणि टो बारच्या पिना विसरतात त्या अशा वेळी.

पंपावरची चूक

जूनमध्ये निघाले. विचिटा फॉल्स, अमरिलो, डलहार्ट, मग न्यू मेक्सिकोतलं क्लेटन. वाटेतल्या एका छोट्या गावात काका पेट्रोल पंपावर वळले आणि आत शिरल्यावर दिसलं की बाहेर पडायच्या वाटेवर टँकर उभा आहे. त्यांनी चार फूट मागे घेतलं. फ्लॅट टोइंगमध्ये मागे घेता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी हात गेला. पिकअपची पुढची चाकं लगेच एका बाजूला पूर्ण वळली आणि टो बार तिरका ताणला गेला. कॅमेऱ्यात ते बघून काका थांबले. आणखी दोन फूट गेले असते तर टो बार वाकला असता.

आता पिकअप सोडवायचा. तिरक्या ताणामुळे पिन निघेना. काकांनी मोटरहोम वीतभर पुढे घेतलं, ताण सुटला, आणि काकूंनी पिना काढल्या. पिकअप मागे घरंगळायला लागला.

गिअर पार्कमध्ये होता. काकू नंतर मला वारंवार तेच सांगत होत्या, "अरे, पार्कमध्ये होती गाडी." होतीच. पण पार्क ट्रान्समिशनला अडवतो, आणि ट्रान्सफर केस एनमध्ये असेपर्यंत चाकांचा ट्रान्समिशनशी संबंधच नसतो. ज्या न्यूट्रलने ट्रान्समिशन वाचवलं, त्यानेच पार्कही निकामी केला होता. पार्किंग ब्रेक लावलेला नव्हता. पिकअप सात-आठ फूट जाऊन काँक्रीटच्या कठड्याला टेकला. मागे कुणी उभं नव्हतं. बंपरला खरचटलं. त्या रात्री काकूंना झोप आली नाही.

मला विचाराल तर दोष त्यांच्या कागदाचा होता, म्हणजे माझाही, कारण मी तो तपासला होता. जोडायची कृती आम्ही बारकाईने लिहिली आणि सोडवायच्या कृतीपुढे फक्त ‘याच्या उलट’ असं लिहून मोकळे झालो. सोडवणं बहुधा थकल्यावर, उतारावर, अनोळखी जागी आणि घाईत होतं. खरं तर तीच कृती आधी लिहायला हवी होती. क्लेटनच्या कॅम्पग्राउंडवरून मला फोन आला आणि आम्ही ती फोनवर लिहिली. पहिली ओळ: पार्किंग ब्रेक ओढा, आणि ओढला हे दुसऱ्याला मोठ्याने सांगा. काकूंनी ती लाल पेनाने लिहून टो बारला दोऱ्याने बांधली.

परिणाम

दुसऱ्या दिवशी ७,८३४ फुटांवरचा रॅटन पास ओलांडून ते कोलोरॅडोत उतरले. उतारावर खालचा गिअर, ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडायचा, आणि डॅशबोर्डवर मागच्या ब्रेकचा दिवा दर वेळी लागतो ना हे काकू बघत होत्या. पुढे शायान, लस्क आणि कस्टर. नीडल्स आयमधून पिकअप आरशांसकट पार झाला. परत आल्यावर ट्रान्समिशनचं ऑइल काढून पाहिलं, स्वच्छ होतं.

खर्च मात्र टाळता येण्यासारखा होता. पहिली बेस प्लेट त्याच मॉडेलपुरती असल्याने वाया गेली, बसवण्याची मजुरी गेली, सुटी ब्रेकची पेटी अर्ध्या किमतीत विकली, आणि पिकअपच्या किमतीतलं नुकसान वेगळं. टो बार तेवढा कामी आला.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. काटा आधी, मॅन्युअलचं पान त्यानंतर, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. काट्याची पावती काही डॉलरांत मिळते. ती मोटरहोम घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात हातात असती, तर पूर्ण आकाराच्या पिकअपचा विचार तिथेच थांबला असता आणि टेक्सोमाची फेरी झालीच नसती.

माझ्याकडून एक गोष्ट व्हायला हवी होती. त्या फोनवर ‘बहुतेक येतो’ म्हणण्याऐवजी ‘मॅन्युअलचा फोटो पाठवा’ म्हणायला हवं होतं. काकांनी तिघांना विचारलं म्हणजे तीन खात्र्या झाल्या असं त्यांना वाटलं. आम्ही तिघं एकाच ऐकीव गोष्टीवर बोलत होतो.

एका निर्णयावर आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं, एवढ्या काठावरच्या आकड्यांसाठी ग्लॅडिएटरऐवजी हजारभर पौंड हलकी गाडी घ्यायला हवी होती. काकांना मागचा हौदा हवाच होता: खुर्च्या, सायकली, लाकडं. चार महिने बाहेर राहणाऱ्या माणसाची गरज मी ठरवू नये हे खरं, पण २१० पौंड म्हणजे काहीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ग्लेशियरला जायचं ठरलं आहे. ग्लॅडिएटर १८ फुटांहून थोडा लांब, त्यामुळे २१ फुटांच्या नियमात बसतो. दिवाळीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा हौद्यावर सायकलींचा नवा लोखंडी स्टँड दिसला. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "शनिवारी काट्यावर चाललोय. सायकली चढवूनच."